पेन्सिलींचा टेम्पो येणार नाही, ताई

कराडजवळच्या एका गावातून एक वाचक लिहितात: "माझं वय ३४. बारावी, एमएस-सीआयटी आणि मराठी टायपिंग ३० झालंय. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यामुळे बाहेरची नोकरी जमत नाही. फेसबुकवर 'घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना ३०,००० पगार, १५,००० अ‍ॅडव्हान्स' अशी जाहिरात बघितली. ६२० रुपये रजिस्ट्रेशन भरलं, माझ्या फोटोचं आयकार्ड आलं. मग गेट पासचे १,८५० आणि परवा माल घेऊन निघालेल्या गाडीच्या जीएसटीचे ३,९९९ भरले. आता आणखी ७,२०० भरा, नाहीतर अ‍ॅग्रीमेंट मोडलं म्हणून पोलीस घरी येतील, असं म्हणतात. आधार, पॅन, पासबुकाचे फोटो त्यांच्याकडे आहेत. घरात कुणाला सांगितलेलं नाही. दुसरं म्हणजे माझ्या जाऊबाई वातींचं मशीन घेणार आहेत, ८५,००० ला. कंपनी कापूस देणार आणि तयार वाती परत घेणार. तेही असंच असेल का? घरबसल्या खरं काम मिळतं तरी का? माझ्याकडे शिलाई मशीन आहे."

ताई, ७,२०० भरू नका. 'हे शेवटचे, मग सगळं एकदम परत' असं सांगतील, तरी नाही. तुम्ही ही रक्कम भरली की पुढची तयार असते, तिला 'इन्शुरन्स' म्हणतील किंवा 'रिफंड प्रोसेसिंग'. पुढचा सगळा मजकूर वाचायच्या आधी फोन हातात घ्या.

त्यांना फोन करून भांडू नका आणि लगेच ब्लॉकही करू नका. आधी पुरावा काढून घ्या, कारण पलीकडचा माणूस स्वतःचे मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ती चॅट उघडा, वरच्या तीन टिंबांवर जा, 'मोअर' आणि मग 'एक्सपोर्ट चॅट'. ती फाइल स्वतःच्याच मेलवर पाठवा. आयकार्ड, जाहिरात, त्यांचे नंबर आणि क्यूआर कोड यांचे स्क्रीनशॉट वेगळे ठेवा. हे झालं की खुशाल ब्लॉक करा.

आता १९३०. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. फोन लावण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा, प्रत्येक पेमेंटची एक: तारीख-वेळ, रक्कम, ज्या यूपीआय आयडीवर गेले तो, आणि बारा अंकी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. फोनपे असो की गुगल पे, त्या व्यवहारावर बोट ठेवलं की तपशिलात यूटीआर दिसतो. तिन्ही ओळी वेगळ्या लिहायच्या, कारण तिन्ही वेळा पैसे वेगवेगळ्या खात्यांत गेलेले असण्याची शक्यता दाट आहे. '६,४६९ गेले' एवढंच सांगितलं तर समोरच्याला काहीच शोधता येत नाही. नंबर लागला नाही तर लावत राहा, आणि दरम्यान सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर 'फायनान्शिअल फ्रॉड'खाली तक्रार भरा. तक्रार क्रमांक मिळेल तो जपून ठेवा. मग बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

पैसे परत मिळतील का, याचं खरं उत्तर असं: पहिले दोन बहुतेक गेले. परवाच्या ३,९९९ ची आशा थोडी आहे, कारण पैसा ज्या खात्यात गेला तिथे किंवा पुढच्या खात्यात अजून पडून असेल तरच तो गोठवता येतो. हे लोक एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून एटीएमवर असा तो पटापट फिरवतात, म्हणून तासांना किंमत आहे. गोठवलेले पैसेही लगेच येत नाहीत, त्याची ठरलेली प्रक्रिया आहे. बँक भरपाई देईल अशी आशा धरू नका. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा जो 'तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य' हा नियम सगळीकडे फिरतो, तो ग्राहकाच्या नकळत, त्याची चूक नसताना झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुम्ही पिन टाकून स्वतः पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत. तरीही तक्रार करायचीच. तुमचे साडेसहा हजार पोलिसांना लहान वाटतील, पण त्याच खात्यावर दुसऱ्या जिल्ह्यांतल्या बायकांच्याही तक्रारी असतात आणि त्या जुळल्या की प्रकरण उभं राहतं.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. महिन्या-दोन महिन्यांत तुम्हाला 'सायबर सेलमधून' किंवा 'रिझर्व्ह बँकेतून' फोन येईल: तुमचे पैसे सापडले, सोडवायला १,२०० भरा. एकदा भरलेल्या माणसाचा नंबर या धंद्यात जास्त भावाने विकला जातो. सरकारी खातं पैसे परत करायला पैसे मागत नाही. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला.

पोलीस येण्याचं म्हणाल, तर येणार नाहीत. एखाद्याने करार केला आणि पाळला नाही, तर तो दिवाणी मामला, त्यात अटक नाही. शिवाय तुमचा करार आहे कुठे? त्यांनी तुम्हाला माल दिला नाही, तुम्ही नेला नाही. समजा कागदावर 'काम सोडल्यास ५०,००० दंड' असं छापलेलं असलं, तरी १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की कागदावरचा आकडा ही फार तर वरची मर्यादा, मिळाली तर वाजवी भरपाई, आणि ती न्यायालयाने ठरवलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, अशोकस्तंभ आणि तीन-तीन शिक्के मारलेली पीडीएफ म्हणजे समन्स नव्हे. कुणी 'केस दाखल झाली' म्हणालं तर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा वेगळा असतो तो) मागा आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर टाकून बघा. खरी केस असेल तर तिथे दिसते. (खरोखरच न्यायालयाचा कागद हातात पडला, तर मात्र तो कपाटात ठेवू नका, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.) व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस 'डिजिटल अटक' म्हणाला तर फोन ठेवून द्या. अशी अटक कायद्यात नाहीच.

या धमकीत जोर आहे तो एकाच गोष्टीचा: तुम्ही घरात सांगितलेलं नाही. ते त्यांना पक्कं माहीत आहे, कारण बहुतेक जणी सांगत नाहीत. आज रात्री नवऱ्याला सांगा. साडेसहा हजारांवर वाद होईल, होऊ दे. त्यानंतर त्या फोनला घाबरायचं कारण उरत नाही.

कागदपत्रांबद्दल. पासबुकाच्या फोटोवरून कुणी पैसे काढू शकत नाही, ओटीपी किंवा पिन दिला नाही तोवर खातं सुरक्षित आहे. धोका आहे तो तुमच्या नावावर सिमकार्ड किंवा लहानसं अ‍ॅपवरचं कर्ज निघण्याचा. आधारच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर जाऊन बायोमेट्रिक लॉक करा. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं, विसरलात तर रांगेत खोळंबा होईल. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर मोबाइल नंबर टाकला की तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. त्यातलं अनोळखी असेल ते 'माझं नाही' म्हणून नोंदवा. कर्जाची तपासणी सिबिलसारख्या पतसंस्थेच्या अहवालातून होते (पतसंस्था म्हणजे आपली गावची नव्हे, कर्जाचा इतिहास ठेवणारी कंपनी). प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. एक आत्ता काढा. अशा चार कंपन्या आहेत, तेव्हा तीन महिन्यांनी दुसरीचा काढता येईल. यापुढे कुणाला आधार द्यायचं तर 'मास्क्ड आधार', ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

तुम्ही फसलात याचं वाईट वाटून घेऊ नका, पण ही जाहिरात का खोटी होती ते समजून घ्या, कारण पुढची जाहिरात पेन्सिलीची नसेल. बिंदीची असेल, मेंदी कोनाची किंवा चॉकलेटच्या रॅपरची असेल. आयकार्ड खरं की खोटं यात शिरू नका, सरळ गणित करा. दुकानात दहा पेन्सिलींचा खोका पन्नास-साठ रुपयांना मिळतो. त्यात लाकूड, शिसं, रंग, वाहतूक, घाऊक व्यापारी आणि दुकानदार, सगळ्यांचं भागायचं आहे. एक खोका भरायची मजुरी पन्नास पैसे धरू, हीसुद्धा उदारपणे. ३०,००० रुपये मिळवायला ६०,००० खोके भरावे लागतील, म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज २,०००. रोज २०,००० पेन्सिली. एका पेन्सिलीचं वजन चार-पाच ग्रॅम धरलं तर रोज शंभर किलोच्या आसपास माल तुमच्या दारात उतरवायचा आणि तेवढाच उचलायचा. एका बाईसाठी रोज टेम्पोची खेप. जी कंपनी कोट्यवधी पेन्सिली करते तिच्याकडे त्या खोक्यात भरायचं यंत्र कारखान्यातच असतं. ती माल गावोगाव का धाडेल? ज्या ब्रँडच्या नावाने हे चालतं त्याची पेन्सिल आपण सगळ्यांनी शाळेत चावलेली आहे, म्हणूनच तर तो निवडला आहे.

म्हणजे प्रश्न 'मला किती मिळतील' हा नाही. या मालाचा शेवटचा गिऱ्हाईक कोण, तो किती देतो, आणि त्यातला माझा हिस्सा एवढा कसा निघेल, हा प्रश्न विचारायचा. जिथे शेवटचा गिऱ्हाईक दिसत नाही, तिथे गिऱ्हाईक तुम्हीच असता.

त्यांनी 'सरकारमान्य' म्हणून जे कागद दाखवले असतील त्यांचं वजन किती, तेही बघा. उद्यम प्रमाणपत्र म्हणजे एमएसएमईचं, लघुउद्योग म्हणून नोंदणी केल्याचं. ते आधार आणि पॅनवर, स्वयंघोषणेने, फुकट आणि घरबसल्या मिळतं. तुम्हीही उद्या काढू शकाल. त्यावर तिरंगा असला तरी सरकारने धंदा तपासला असा त्याचा अर्थ होत नाही. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं त्या धंद्याचा पॅन. जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये तो टाकला की नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि चालू आहे की रद्द ते लॉगिन न करता दिसतं. पेन्सिल कंपनीचा म्हणून दिलेला नंबर दुसऱ्याच राज्यातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला, तर विषय संपला. पण नंबर खरा निघाला म्हणून माणूस खरा ठरत नाही, कुणाच्याही बिलावरून तो उतरवता येतो. मग त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा फोन नंबर शोधून तिथे विचारा. जाहिरातीतल्या नंबरवर नव्हे.

डेटा एंट्रीवर फार शाई घालवत नाही. 'पानाला ४० रुपये, ९० टक्के अचूकता हवी' अशी कामं जवळजवळ सगळीच फसवी असतात. आधी पाचशे-हजार पानं टाइप करून घेतात, मग 'क्वालिटी चेक'मध्ये तुम्ही ८७ टक्क्यांवर नापास होता, आणि लगेच वकिलाची नोटीस येते. परीक्षक तेच, दंड घेणारेही तेच. छापील मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर फोनमध्ये फुकट असताना अनोळखी माणसाला पानाला ४० रुपये कोण देईल? टेलिग्रामवरचं 'हॉटेलला पाच तारे द्या, १५० रुपये मिळवा' हेही तसंच. पहिले १५० खरोखर मिळतात, हजार भरले की तेराशेही येतात. मग वीस हजार भरले की अडकतात. त्यात आणखी एक मेख अशी की तुम्हाला मिळालेले ते दीडशे-तेराशे दुसऱ्या कुणा फसलेल्याच्या खात्यातून आलेले असू शकतात. त्याने तक्रार केली की तुमचं खातं गोठतं, आणि त्या खात्यात गॅसची सबसिडी, लाडक्या बहिणीचे पैसे सगळं अडकून बसतं. 'तुमचं खातं फक्त वापरायला द्या, दोन टक्के कमिशन' हे तर सरळ गुन्ह्यात ओढणं आहे.

जाऊबाईंच्या मशीनबद्दल मात्र नीट बोलू, कारण इथे रक्कम मोठी आहे आणि प्रकार इतका सरळ खोटा नसतो. मशीन खरंच येतं. कापूस येतो. पहिल्या दोन खेपा परतही घेतल्या जातात, पैसेही मिळतात आणि त्या जोरावर गावातल्या आणखी चार जणी मशीन घेतात. त्यानंतर मात्र वाती 'जाड', 'ओलसर', 'कमी लांब' ठरायला लागतात. मग फोन लागत नाही. असं होतं कारण कंपनीचा धंदा वाती विकायचा नसून मशीन विकायचा असतो. मशीनवरचा नफा इतका असतो की दोन-तीन खेपा तोट्यात घेणं तिला परवडतं.

तपासायचं कसं? कराडच्याच पूजासाहित्याच्या दुकानात जा. फुलवाती आणि लांब वाती घाऊक किलोला कितीने घेता, ते विचारा, शेजारच्या दुसऱ्या दुकानातही विचारा. आता कंपनी जाऊबाईंकडून कितीने परत घेणार आहे तो आकडा त्याशेजारी लिहा. समजा दुकानदार साडेचारशेने घेतो आणि कंपनी सहाशेने परत घ्यायचं म्हणते. सहाशेने घेऊन, पुण्या-मुंबईला नेऊन, कंपनी ते कुणाला विकणार? या प्रश्नाला जाहिरातवाला 'एक्स्पोर्ट' असं उत्तर देतो. कोणत्या देशात, कोणत्या बंदरातून, कुणाच्या नावाने, ते विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

याच्याशिवाय मशीन स्वतःच्या हाताने सलग चार तास चालवून बघायला मागा. डेमोत दहा मिनिटांत शंभर ग्रॅम वाती पडतात, म्हणून आठ तासांत पाच किलो, असं गणित सांगतात. पण त्यात पेळू (पिंजलेल्या कापसाची लांब वळी) तुटणं, मोटर तापणं, गावातलं लोडशेडिंग आणि कापूस पिंजून हातात घेण्याचा वेळ धरलेला नसतो. तेच मशीन दुसरे विक्रेते कितीला देतात ते इंडियामार्टवर पाहा. तीस-पस्तीस हजारांचं मशीन पंच्याऐंशीला असेल, तर वरचे पन्नास हजार हे 'माल परत घेऊ' या वाक्याची किंमत आहे. वर्षाहून जास्त काळ काम करणाऱ्या तिघींना भेटा, पण कंपनीने नावं दिलेल्या नकोत. त्यांच्या पासबुकात कंपनीकडून आलेल्या नोंदी बघा. फोनवरचा स्क्रीनशॉट चालणार नाही.

कराराच्या मसुद्यात 'गुणवत्तेबाबत कंपनीचा निर्णय अंतिम' ही ओळ असेल तर बाकीची पानं वाचायची गरज नाही. त्याऐवजी वातीची लांबी, किलोत किती नग, ओलावा किती चालेल, माल पोचल्यापासून किती दिवसांत नाकारायचा, नाकारलेला माल कुणाच्या खर्चाने परत यायचा, हे आकड्यांत हवं. कोरा चेक तर देऊच नका. आणि मशीन घेऊन फसल्यास 'धंद्यासाठी घेतलं, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही' असं सांगून वाटेला लावतील. ते खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही. म्हणून पावती पक्की घ्या आणि पैसे कंपनीच्या खात्यातच भरा, एजंटाच्या नाही.

खरं घरकाम असतं का? असतं, आणि ते कसं दिसतं ते बघायला लांब जायला नको. लिज्जतचं उदाहरण घ्या. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. बहिणी शाखेत येतात, मळलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात, वजन होतं, लाटण्याची मजुरी मिळते. पीठ संस्थेचं, पापडाचा गिऱ्हाईक प्रत्येक किराणा दुकानात दिसतो. सोलापुरात विडीचं कामही असंच घराघरात चालतं, पाला-तंबाखू आणायचा आणि हजाराच्या हिशोबाने विड्या द्यायच्या. ते खरं आहे, पण मजुरी तोकडी आणि तंबाखूची धूळ छातीत. काम खरं असलं म्हणजे चांगलंही असतं असं नाही. दोन्हीकडे एक बघा, महिना ३०,००० असं कुणी म्हणत नाही.

तुमच्याकडे शिलाई मशीन आहे, टायपिंग आहे, आणि सासूबाईंमुळे सलग वेळ नाही. म्हणजे मधेच उठता येईल असं काम हवं. आमच्या मते सुरुवात फॉल-पिकोने करा. साडीच्या दुकानांना बायका लागतात, कारण दुकानदार स्वतः बसत नाही आणि लग्नसराईत टेलर वेळ देत नाहीत. मराठी टायपिंगही सोडू नका, पण ते दुसऱ्या नंबरवर. त्यात गिऱ्हाईक म्हणजे कोर्टाजवळचे वकील, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, हस्तलिखित घेऊन बसलेले निवृत्त गुरुजी आणि डीटीपी सेंटर. युनिकोडमध्ये हात बसवा. छापखान्याला अजून श्रीलिपी (जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट) लागते, सरकारी कामाला युनिकोड, जे कुठल्याही फोन-संगणकावर वाचता येतं. पानाचा दर ठरवताना पानात ओळी किती तेही ठरवा, नाहीतर बारीक अक्षरांचं दाट पान तुमच्या माथी येतं. निम्मे पैसे आधी. नमुना म्हणून एक पान फुकट द्यायला हरकत नाही, वीस पानांचा 'नमुना' मागणारा फुकटात पुस्तक करून घेतोय. रेकॉर्डिंग ऐकून लिहायचं काम आलं तर तासाभराच्या ऑडिओला चार ते सहा तास लागतात, हे धरून भाव सांगा.

भाजणी, मेतकूट असं काही विकायचं मनात असेल तर अन्न परवान्याची मूळ नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर होते, सरकारी फी वर्षाला १०० रुपये. एजंट हजार-दोन हजार मागतात, ते त्यांच्या मेहनतीचे, सरकारचे नव्हेत. पाकिटावर तो चौदा अंकी नंबर, घटक पदार्थ, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, किती दिवस टिकेल ते, पत्ता आणि हिरवा ठिपका हवा. भाजणी बिघडते ती बहुतेक वेळा कोमट असताना पिशवीत भरल्याने, आतल्या वाफेने गोळे होतात आणि पंधरा दिवसांत वास येतो. दळून आणल्यावर कागदावर पसरून रात्रभर ठेवा. गिरणीत तुमच्या आधी मिरची दळली नाही ना, तेही विचारून घ्या. उमेदच्या बचत गटात असाल तर गावच्या सीआरपी ताईंना (बचत गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीला) विक्रीच्या प्रदर्शनांचं विचारा, एकटीने स्टॉल लावण्यापेक्षा गटातून सोपं पडतं.

पुन्हा फॉल-पिकोकडे. हिशोब आधी. समजा तुमच्याकडे साडीला १०० मिळतात आणि फॉल-दोरा मिळून ३५ जातात, हाती ६५. हातशिलाई धरून एका साडीला तास-सव्वा तास. दिवसाला तीन साड्या झाल्या तर १९५, महिन्यात पंचवीस दिवस धरले तर ४,८७५. भाव तुमच्या गावातल्या दोन टेलरना विचारून हाच हिशोब पुन्हा करा. साध्या मशीनवर पिको होत नाही, त्याला झिगझॅग लागतं. नवं मशीन लगेच घेऊ नका. पहिले दोन महिने फॉल घरी लावा आणि पिको टेलरकडून साडीमागे पैसे देऊन करून घ्या. त्या काळात तुमच्या हाती थोडे कमी राहतील.

सुती फॉल कोरा लावायचा नाही. आधी रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. कोरा लावला तर पहिल्याच धुण्यात तो आटतो, साडी आटत नाही, आणि काठाला चुण्या पडतात. साडी परत येते ती दुकानदाराकडे, आणि तो पुन्हा काम देत नाही. रंग दिवसाउजेडी जुळवा, ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि हिरवा सारखेच दिसतात. आतल्या टोकापासून वीतभर सोडून फॉल सुरू करा. काठाकडची बाजू मशीनने घातली तरी चालते, वरची मात्र हातानेच, साडीचा एकच धागा उचलून, म्हणजे बाहेरून टाका दिसत नाही. दोरा फार ओढलात तर निऱ्या नीट पडत नाहीत. मशीनला तेल घातल्यावर आधी चिंधीवर दहा-बारा मिनिटं चालवा, तेलाचा डाग साडीवर पडला तर महिन्याची कमाई भरपाईत जाते.

एक वही ठेवा: तारीख, दुकान, साडीचा रंग आणि काठ, आधीच असलेला डाग किंवा सूत निघालेलं असेल तर ते, आणि साडी देणाऱ्याची सही. साडी नेतानाच दुकानात उघडून बघा, घरी आल्यावर नाही. पहिल्यांदा दोनच आणा, सिंथेटिक, रोजच्या वापरातल्या. दुकानदार पैठणी पुढे करेल, कारण कामवाली बाई सापडली की त्याला घाई होते. महिनाभर ती घेऊ नका.